जुन्या नाशकात लाकडी बिल्डिंग, खाली गाळे आणि वर घरं: जमेल का?

मातीचा_चौक:

नमस्कार मंडळी. मी आर्किटेक्ट, ऑफिस कॉलेज रोडला, आतापर्यंतची कामं सगळी गंगापूर रोड, पाथर्डी फाटा, इंदिरानगर साइडची, म्हणजे नेहमीचं आरसीसी आणि पार्किंग. आता पहिल्यांदाच गावठाणातलं काम आलंय. सराफ बाजार ते दहीपूल या पट्ट्यात एक जुना वाडा, नक्की गल्ली सांगत नाही कारण मालकांचं कुटुंब मोठं आहे आणि विषय अजून घरातच चाललाय. पुढचा भाग मागच्या पावसाळ्यात बसला, कोणाला लागलं नाही हे नशीब. मागचा चौक आणि त्याच्या तीन बाजूंचे खण (दोन-दोन खांबांमधल्या जागा) अजून उभे आहेत, सागवानी खांब, तुळया, वर कडीपाट (कड्या आणि फळ्यांचं लाकडी छत), सगळं. गल्ली साडेतीन मीटरची, दोन्ही बाजूंना चिकटून वाडे आणि भिंती सामाईक.

मालकांना हवंय ते असं: खाली चार गाळे, त्यातला एक तांब्यापितळेच्या भांड्यांचा, तो भाडेकरू खूप जुना आहे आणि मागच्या बाजूला त्याची कल्हईची भट्टी पण आहे, त्याला हलवायचं नाही हे सगळ्यांनी मिळून ठरवलंय. पहिल्या मजल्यावर यात्रेकरूंसाठी चार-पाच खोल्या (२०२७ चा सिंहस्थ डोळ्यासमोर आहेच), दुसऱ्यावर घरचे दोन ब्लॉक, आणि वर कौलाखाली पोटमाळा. एक बिल्डर सरळ सगळं पाडून आरसीसी फ्रेम आणि पुढे काचेचं शोरूम देतोय. मालकांच्या आजींना ते अजिबात नकोय आणि मलाही नकोय. मला हे नवं बांधकाम लाकडाचंच करायचंय, नुसतं दर्शनी भागाला लाकूड चिकटवून नाही, भार घेणारं लाकूड. परदेशात आता ग्लुलॅम (लाकडाच्या पट्ट्या चिकटवून केलेले खांब-तुळया) आणि सीएलटीच्या (आडवे-उभे थर चिकटवून केलेली जाड लाकडी पॅनेल) अठरा-वीस मजली बिल्डिंगा होतात, मग नाशकात, जिथे दोनशे वर्षांपूर्वी सगळा गाव लाकडावर उभा होता, तिथे तळमजला अधिक दोन का नाही होणार?

पण प्रश्न खूप आहेत. आगीचं काय, पुराचं काय, वाळवीचं काय, आणि महापालिकेत प्लॅन ठेवला की टेबलापलीकडचा माणूस लाकूड म्हटल्यावर काय म्हणेल. लाकूड आणायचं कुठून, सीएलटी बाहेरून मागवायचं की आपला साग? ज्यांनी गावठाणात काम केलंय किंवा तिथे राहतात त्यांनी मनापासून सांगा, "नका करू" असं असेल तरी सांगा.

खांबतुळई:

स्ट्रक्चरल कन्सल्टंट आहे, नाशकातच. करा. पण लाकूड पहिल्या मजल्यापासून वर, तळमजला दगड आणि आरसीसीचा. यावर मी ठाम आहे आणि का ते नीट सांगतो, कारण तुमच्या सगळ्या प्रश्नांची अर्धी उत्तरं तिथेच आहेत.

तुमचा तळमजला बघा. गोदेचं पाणी येणार तिथे, वाळवी जमिनीतून चढणार तिथे, भट्टी तिथे, आणि गाळ्यांना पुढून पूर्ण उघडं तोंड हवं म्हणजे भूकंपात पहिला हलणार तोच. भूकंपाचं भारतीय मानक आयएस १८९३, त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत नाशिक झोन ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे. खाली नुसते खांब आणि पुढे शटर असं ठेवलं तर वर लाकूड असो की काँक्रीट, खालचा मजला लंगडा राहतो. म्हणून मागची आणि बाजूची अशी तीन बाजूंना आरसीसीची शिअर वॉल (भूकंपाचा आडवा धक्का घेणारी भिंत), जिना पण आरसीसीच्या पेटीत, आणि पहिल्या मजल्याची स्लॅब काँक्रीटची. ती स्लॅब म्हणजे भट्टी आणि वरच्या खोल्या यांच्यामधला आगीचा पडदा पण झाला. जुन्या वाड्यांनी तरी वेगळं काय केलं होतं? दगडी जोतं कमरेइतकं उंच, खांबाखाली दगडाचा तळखडा, लाकडाचा मातीला स्पर्शच नाही. सरकारवाड्याच्या समोर उभे राहून बघा, लाकूड कुठून सुरू होतं ते. आणि तुम्ही परदेशाचं म्हणालात तर तिकडेही तेच आहे. लंडनला मरे ग्रोव्हची नऊ मजली बिल्डिंग २००९ ची, तिचे वरचे आठ मजले सीएलटीचे आणि तळमजला काँक्रीटचा. व्हँकुव्हरची ब्रॉक कॉमन्स १८ मजली, २०१७ ची, तिचा तळमजला काँक्रीट आणि जिना-लिफ्टचे दोन्ही कोअर पण काँक्रीट.

आता लाकूड का, तर वजन. ही गोष्ट गावठाणात सगळ्यात महत्त्वाची आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. साग घनमीटरला साधारण ६५० किलो, आरसीसी २५०० किलो. १२५ मिलिमीटरची स्लॅब म्हणजे चौरस मीटरला ३१० किलो, फरशी वेगळी. त्याच जागी सागाच्या कड्या, ४० मिलिमीटरची फळी आणि वर आवाज दाबायला ५० मिलिमीटर कोरडी वाळू धरली तरी सव्वाशेच्या आसपास बसतं. भार कमी म्हणजे पाया उथळ, म्हणजे शेजारच्या वाड्याच्या पायाजवळ खोल खणावं लागत नाही. तुमच्या दोन्ही बाजूंचे वाडे माती-चुन्यावर उभे आहेत, त्यांच्या शेजारी दोन मीटर खड्डा घेतला की ती भिंत तुमच्या खड्ड्यात येणार. भूकंपाचा जोर पण वजनावरच असतो. किल्लारीला १९९३ साली माणसं मेली ती दगडमातीच्या जाड भिंती आणि डोक्यावरचं माळवद (मातीचं जड सपाट छप्पर) पडून, त्यामुळे वाळूचा थर ५० च ठेवा, जुन्यासारखा वीतभर माती टाकायच्या मोहात पडू नका.

डिझाइनमध्ये एक गोष्ट जुन्या वाड्यासारखी अजिबात करू नका. वाड्यात खांबावर तुळई आडवी बसते आणि तिच्यावर वरच्या मजल्याचा खांब. लाकूड लांबीत जवळपास आकसत नाही पण आडवं चांगलं आकसतं, त्यामुळे दर मजल्याला थोडं थोडं बसत जातं, म्हणूनच जुन्या वाड्यांची जमीन एका बाजूला कललेली दिसते. नव्यात खांब खालपासून वरपर्यंत टोकाला टोक लावून सलग न्या आणि तुळया त्याला बाजूने येऊन मिळू द्या.

परवानगीचं: आयएस ८८३ ची २०१६ ची आवृत्ती लाकडाच्या स्ट्रक्चरल डिझाइनचीच आहे आणि नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ च्या भाग ६ मध्ये लाकडाचा स्वतंत्र विभाग आहे. सॉलिड लाकूड घेतलंत तर आकडेमोड या दोन्हींत बसवून देता येते, टेबलापलीकडच्या माणसाला तेच दाखवायचं. सीएलटीचं म्हणाल तर कोडच्या आधी हा विचार करा की दहा-बारा मीटर लांब पॅनेल आणि ते उचलणारी क्रेन साडेतीन मीटरच्या गल्लीत वळणार कशी.

गोदाकाठ:

मी इंजिनियर वगैरे नाही, पण जन्म त्याच भागातला आणि दुकानही तिथेच आहे म्हणून लिहितो. वरच्या दादांनी पुराचं एका ओळीत उरकलं, त्यावर अजून बोलायला हवं. १९६९ चा पूर आमच्या वडिलांच्या तोंडून ऐकलाय, २००८, २०१६, २०१९ स्वतः बघितलेत. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आम्ही गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो, पाणी त्याच्या कुठपर्यंत आलं यावरून माल उचलायचा की नाही हे ठरतं. पण तुमच्या पट्ट्यात नदीची वाट बघावी लागत नाही, तासभर धो धो झाला तरी सरस्वती नाल्याचं पाणी दहीपूल आणि सराफ बाजारात येतं. म्हणजे पूर हा कधीतरीचा पाहुणा धरू नका, दरवर्षी येतो असं धरून डिझाइन करा. पूररेषेच्या नकाशावर तुमचा प्लॉट निळ्या रेषेच्या (नेहमीच्या पुराची हद्द) आत पडतो का लाल रेषेच्या (मोठ्या पुराची हद्द), हे पैसे खर्च करायच्या आधी बघून घ्या कारण त्यावर काय बांधता येईल तेच बदलतं.

मीटर, इन्व्हर्टर, पाण्याची मोटर सगळं पहिल्या मजल्याच्या लेव्हलला. गाळ्याच्या आत खालचे चार फूट प्लायवूडचं फर्निचर नको, भिंतीला दगड किंवा कोटा लावा, पाणी ओसरलं की पाइप मारून धुता आलं पाहिजे. दुकानदार म्हणेल पायऱ्या नकोत, गिऱ्हाईक वर चढत नाही, पण जुन्या पेढ्यांना उंच ओटाच होता आणि गिऱ्हाईक त्या ओट्यावर टेकूनच बोलायचं. तो ओटा परत आणा. चार पायऱ्या चढून आत जायला लावण्यापेक्षा माणसाला रस्त्यावर उभ्याउभ्या ओट्यावरचा माल बघता येतो, धंद्याला तेच बरं.

दुसरं म्हणजे शेजारी. तुमचा पडका भाग उतरवायला घ्याल तेव्हा दोन्ही सामाईक भिंतींना आधी टेकू, मग हात लावा. गावठाणात एक वाडा उतरवला आणि पुढच्या पावसाळ्यात बाजूचा बसला हे आम्ही पुन्हा पुन्हा बघतो. कागदावर शेजाऱ्यांशी लिहून घ्या, भिंतींचे फोटो काढून ठेवा दोघांच्या समोर. आणि माल आणायचा तो रात्रीच, दिवसा तिथे हातगाडी निघत नाही.

अजून एक, ड्रेनेज किंवा केबलसाठी चौकात खणायची वेळ आली तर आधी जुन्या माणसांना विचारा. तिवंधा, शनी चौक, जुनी तांबट लेन या भागात रस्त्याखाली पेशवेकाळच्या रहाडी (रंग खेळायचे हौद) आहेत, वर्षभर बुजवलेल्या असतात आणि रंगपंचमीला उघडतात. बाहेरचा ठेकेदार असेल तर त्याला हे माहीतच नसतं.

वखार_सागवान:

लाकडाचं मी सांगतो, घरचा धंदा आहे. बाहेरून मागवू नका, तुमच्या एवढ्या कामाला गरजच नाही. नवीन घ्यायचं तर बल्लारशाचा साग आहे, आपल्याकडे वलसाडी पण चालतो, जवळ पडतो. बिल आणि वनखात्याचा वाहतूक परवाना दोन्ही दाखवणाऱ्याकडूनच घ्या. पण त्याआधी तुमच्या वाड्यात जे पडलंय ते मोजा. पुढचा भाग बसला म्हणता, तिथल्या तुळया कुठे आहेत आता? पावसात पडून असतील तर आजच्या आज उचलून शेडखाली लावा, खाली विटा, मधे पट्ट्या, हवा खेळू द्या. जुना साग म्हणजे पूर्ण वाढलेल्या झाडाचा गाभा, आणि सागाचा गाभाच वाळवीला दाद देत नाही, बाहेरचा पांढरा भाग देतो. आजकालच्या लवकर तोडलेल्या सागात पांढरं जास्त येतं, म्हणून नवीन घेताना टोकाकडून बघा, पांढरं किती आहे ते लगेच दिसतं.

जुन्या तुळईचं मधलं अंग बहुतेक वेळा ठणठणीत निघतं. खराब होतं ते टोक, जे भिंतीत गाडलेलं असतं. भिंत पाणी पिते, लाकडाच्या टोकाला हवा नाही, तिथे कुजतं आणि वरून कळतही नाही, रंग दिलेला असतो. हातोडीने टोकापासून ठोकत या, आवाज बदलला की तिथे खूण करा, तेवढं कापून टाका, बाकीची तुळई अजून शंभर वर्षं जाईल. सोळा फुटाची तुळई बारा फुटाची होईल, मग तुमचा खण त्या मापाचा ठेवा. आधी प्लॅन काढून मग लाकूड शोधायचं असं करू नका, आधी लाकडाची यादी करा आणि त्या यादीवरून खण पाडा. जुने सुतार तसंच करायचे.

आणि नव्या बांधकामात टोक परत भिंतीत गाडू नका. दगडाच्या टेकणीवर ठेवा, तिन्ही बाजूंनी बोटभर फट. जुन्या लाकडात खिळे असतात, करवतीवर जायच्या आधी डिटेक्टर फिरवा नाहीतर पातं जातं आणि माणसाला पण लागू शकतं. नवीन लाकूड ओलाव्याला १२ टक्क्यांच्या आसपास आलं की मगच बसवा, मीटर स्वस्त मिळतं, स्वतः तपासा, वखारवाल्याच्या तोंडावर जाऊ नका (मी पण वखारवालाच आहे, तरी सांगतोय).

क्रेनचं टेन्शन घेऊ नका. सहा बाय बारा इंचाची साडेअकरा फुटी सागाची तुळई शंभर किलोच्या आसपास भरते, चार माणसं खांद्यावर आणतात आणि वर चढवायला साधी चेनकप्पी पुरते.

चुन्याची_घाणी:

मी संवर्धनाचं काम करते, वाडे आणि मंदिरं. सगळ्यांनी नव्या बिल्डिंगबद्दल लिहिलं, मला त्या उभ्या असलेल्या मागच्या भागाबद्दल विचारायचंय. चौक आणि तीन बाजूंचे खण उभे आहेत असं तुम्हीच लिहिलंय, मग तो भाग प्लॅनमध्ये कुठे आहे? मला तुमचा प्रश्न वाचून असं वाटलं की तोही जाणार.

तो ठेवा, कृपया ठेवा. नवं फक्त पुढचं करा, जे पडलंय तेवढंच. चौक हा तुमच्या बिल्डिंगचा श्वास आहे. दोन्ही बाजू बंद असलेल्या लांबट प्लॉटवर उजेड आणि हवा मधूनच येणार, तिथे चौक बुजवून एफएसआय खाल्ला की मधल्या खोल्या अंधाऱ्या आणि दमट, आणि दमट खोलीत लाकूड टिकत नाही. पाहुण्यांच्या खोल्या चौकाभोवतीच्या जुन्या खणांत करा. यात्रेकरू नाशकात येतो तो गोदाघाट, काळाराम, सुंदरनारायण बघायला, त्याला वाड्याच्या पडवीत झोपायला मिळालं तर तो कुठल्याही लॉजपेक्षा जास्त देईल. नव्या भागात मग घरचे ब्लॉक आणि खाली गाळे.

जुन्या भिंतींना सिमेंटचा हात लावू नका, हे कितीदा सांगितलं तरी कमीच. दगड-विटेच्या भिंतीतलं पाणी चुन्यातून बाहेर पडतं, सिमेंटचं प्लास्टर केलं की ते आत अडकतं आणि वखारवाले म्हणतात त्या तुळईच्या टोकाकडे जातं. नुकत्याच "दुरुस्त" केलेल्या वाड्यांमध्ये लाकूड जास्त कुजलेलं मी बघते ते याचमुळे. चुना, वीटकर, आणि धीर. पावसाळ्यात चुन्याचं काम काढू नका.

दर्शनी भागाबद्दल: नकली जुनं करू नका. चांदवडच्या रंगमहालासारखी नक्षी सीएनसीवर कापून लावली तर दोन वर्षांत कळतं. गल्लीतल्या वाड्यांकडून माप घ्या, नक्षी नको. पहिल्या मजल्याची रेषा शेजाऱ्यांशी जुळवा, खिडक्या उभट ठेवा, सज्जा तेवढाच बाहेर काढा, कौलाचा उतार तोच. हे सगळं साध्या सरळ रंधलेल्या सागात करा, त्याला आजच्या काळाचं असू द्या. आणि शेजारी किंवा जवळपास राज्य संरक्षित किंवा यादीतली वास्तू आहे का हे आधीच बघा, असेल तर हेरिटेजची परवानगी महापालिकेच्या परवानगीच्या आधी लागते, शेवटी कळलं तर सगळं थांबतं.

मातीचा_चौक:

ताई, खरं सांगायचं तर पहिल्या स्केचमध्ये मागचा भाग उतरवून तिथे नवं असंच होतं, कारण मालकांना खोल्या जास्त हव्या होत्या. पण काल तुमचं वाचून आजींना विचारलं, तर त्या म्हणाल्या चौकातलं तुळशीवृंदावन हललं तर त्या तिथे राहायला येणार नाहीत. म्हणजे विषय संपला, चौक राहतोय.

खांबतुळई दादा, एक अडचण. मागचं जुनं आणि पुढचं नवं एकमेकांना बांधायचं की वेगळं ठेवायचं? आणि संडास-बाथरूम कुठे? लाकडी जमिनीवर ते कसं करायचं ते मला सुचत नाहीये.

आणि आगीबद्दल अजून कोणीच नीट बोललं नाही, मालकांचा सगळ्यात मोठा प्रश्न तोच आहे. लाकूड म्हणजे पेटणारच असं त्यांच्या जावयांचं म्हणणं.

अग्निशमन_निवृत्त:

मी अग्निशमन दलात होतो, आता निवृत्त आहे. जावईबुवांचं अर्धं बरोबर आहे. लाकूड पेटतं. प्रश्न आहे की माणसं बाहेर पडेपर्यंत उभं राहतं का.

जाड लाकूड बाहेरून कोळसा होत जातं आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला सांभाळतो. युरोपच्या कोडमध्ये सागासारख्या कठीण लाकडाला मिनिटाला ०.५५ मिलिमीटर असा वेग धरतात. म्हणजे एका तासात ३३ मिलिमीटर, त्यावर ७ मिलिमीटर अजून कमजोर धरायचं, एका बाजूने ४० झाले. २५० मिलिमीटरचा चौकोनी खांब चारी बाजूंनी तासभर जळला तर आत १७० चा खांब शिल्लक राहतो. तुमच्या इंजिनियरने १७० वरच भार बसवून दाखवायचा, मग एक तास मिळाला. उघडं लोखंड साडेपाचशे-सहाशे डिग्रीला अर्धी ताकद सोडतं, म्हणून लाकडाच्या सांध्यातली प्लेट आणि बोल्ट लाकडाच्या आत लपवा, बाहेर दिसणारी प्लेट म्हणजे आगीला दिलेलं दार. पातळ लाकडाचं मात्र हे गणित नाही. कड्या, फळ्या, पोटमाळ्याचे वासे पटकन जातात, त्यांना खालून फायर रेटेड जिप्सम बोर्ड लावा. ब्रॉक कॉमन्समध्ये पण लाकूड जिप्सम बोर्डानेच झाकलंय. कडीपाट दिसला पाहिजे असा हट्ट असेल तर एखाद्या खोलीत ठेवा, बाहेर पडायच्या वाटेवर नको.

पण माझी खरी काळजी लाकडाची नाहीच. साडेतीन मीटरच्या गल्लीत, दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असताना मोठा बंब आत येत नाही. आम्ही होज टाकत टाकत पळत जायचो. म्हणजे पहिली काही मिनिटं बिल्डिंगने स्वतः काढायची आहेत. स्प्रिंकलर लावा, उंची बघता सक्ती असो नसो, लावाच. पाहुणे झोपणार आहेत, त्यांना वाड्याची वाट माहीत नसते, धुराचे डिटेक्टर प्रत्येक खोलीत. वाड्यातला तो भिंतीतला अंधारा उभा जिना सुटकेचा जिना म्हणून मोजू नका, नवा रुंद जिना आरसीसीत आहेच, आणि चौकातून दुसरी वाट मागच्या बोळात निघते का बघा. निघत असेल तर तिथे कुलूप कधीच नको.

जुन्या वाड्यांच्या आगी मी ज्या पाहिल्या त्यात बहुतेक वेळा सुरुवात वायरिंगमधून. कापडी वेष्टणाची वायर, तिच्यावर एसी. सगळं नवीन करा, पाइपातून न्या, लाकडात वायर गाडू नका. आणि कल्हईच्या भट्टीला विटेची स्वतंत्र खोली, धुराडं छपरापर्यंत विटेचं, लाकडापासून चांगलं लांब. गॅस सिलिंडर घरांसाठी गच्चीवर किंवा चौकाच्या कोपऱ्यात, खोल्यांच्या मजल्यावर नाही.

खांबतुळई:

साहेबांनी आगीचं सांगितलं त्यात मी काही घालत नाही, १७० वर भार बसवून देणं माझं काम.

तुमचे दोन प्रश्न. जुनं आणि नवं वेगळं ठेवा. मधे ५०-६० मिलिमीटरची फट, वरून पत्र्याचं झाकण, एका बाजूलाच स्क्रू. जुना भाग माती-चुन्याचा, तो त्याच्या पद्धतीने हलणार आणि नवा आपल्या पद्धतीने, बांधले तर एकमेकांना ओढतील. जमिनीची लेव्हल मात्र जुळवा म्हणजे आजींना उंबरठ्यावर अडखळायला होणार नाही.

संडास-बाथरूम सगळे जिन्याच्या आरसीसी पेटीला लागून एकाखाली एक, तिथे प्रत्येक मजल्याला छोटी काँक्रीट स्लॅब. पाण्याचा एकही पाइप लाकडी जमिनीखालून जाता कामा नये. गळती लाकडात महिनोन्महिने कळत नाही, आणि ओलावा २० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते. पाण्याची टाकी पण त्याच पेटीवर, पाच हजार लिटर म्हणजे पाच टन, ते लाकडी छपरावर टाकायचं नाही. चौकाभोवतीच्या जुन्या खणांत खोल्या करणार असाल तर त्यांचे बाथरूम पण या पेटीकडेच वळवा, प्रत्येक खोलीला स्वतंत्र बाथरूम जमणार नाही हे मालकांना आत्ताच सांगा. दोन खोल्यांत एक, एवढंच.

आणि पाया खणताना आयएस ६३१३ प्रमाणे वाळवीची ट्रीटमेंट करून घ्या, जुन्या भागाला त्याच कोडचा तिसरा भाग लागतो, तो उभ्या बिल्डिंगसाठीचा आहे. ठेकेदाराला दोन्ही वेगळे सांगा, नाहीतर तो एकच करून बिल दोन्हीचं लावेल.

मातीचा_चौक:

खोल्या कमी होणार हे मालकांना आवडणार नाही पण सांगतो. भांडीवाल्या काकांना भट्टीच्या खोलीचं सांगितलं, ते उलट खूश आहेत, धूर दुकानात येतो म्हणून त्यांचीच तक्रार होती.

वखारवाले भाऊ, पडलेल्या तुळया अजून जागेवरच आहेत, अर्ध्या मलब्याखाली. रविवारी उकरायला घेतोय. लांबी, जाडी, टोकं कुठवर खराब, एवढं मोजून यादी इथे टाकतो, त्यावरून खण किती फुटाचा ठेवायचा ते सांगाल का?

वखार_सागवान:

टाका. प्रत्येक तुळईच्या दोन्ही टोकांचा फोटो पण टाका, आणि हातोडी ठोकून खडूने खूण केल्यावर मोजा. मलबा जेसीबीने उपसू नका, हाताने काढा, जेसीबीच्या बकेटने अर्ध्या तुळया मोडतील. काढलेलं लाकूड त्याच दिवशी ताडपत्रीखाली, पण ताडपत्री अंगाला चिकटू देऊ नका. यादी आली की तुमच्या इंजिनियरशी फोनवर बोलतो, बारा फुटी जास्त निघाल्या तर अकरा फुटाचा खण धरू.